अरण्यांतील पाहुणे

शाळांना सुटी लागली, कीं शहरांतील घरोघरीं बाहेरगांवचे बेत सुरू होतात. मोटारींत तंबू, सतरंज्या, पाण्याचीं पिंपें आणि फराळाचे डबे भरले जातात व दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठीं मंडळी बाहेर पडते. नागपूरकर कुटुंबांस याकरितां फार लांब जावें लागत नाहीं. जांब व वरोरा या मार्गानें सुमारें दीडशें किलोमीटरवर चंद्रपूर आहे. तेथून पुढें तासा-दीड तासांत ताडोबाचें अरण्य गांठतां येतें.

गोंड लोकांच्या तारू नांवाच्या देवावरून या अरण्यास ताडोबा म्हणतात. त्याचें ठाणें तेथील तलावाच्या कांठीं असून पौष महिन्यांत तेथें जत्रा भरत आली आहे. १९५५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं शेजारीं अंधारी अभयारण्य झालें आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प सिद्ध झाला. त्याचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटर असून भोंवतालचा पट्टा सुमारें ११०० चौरस किलोमीटर आहे. या पट्ट्यांत अनेक गांवें वसलेलीं आहेत. तंबू गाभ्यांत नव्हे, तर अशा गांवांजवळ, परवानगी असलेल्या जागींच ठोकावयाचा असतो. म्हणजे तंबूंतील कुटुंबास एका बाजूस गांवकरी व दुसऱ्या बाजूस रानचीं जनावरें असे दोन शेजारी लाभतात.

पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, गाभा बंद असतो. एरवीं मंगळवारींही प्रवेश नसतो. जागा आधींच राखून ठेवावी लागते. आंत जावयाचें तें उघड्या गाडींतून व वाटाड्यासह. वाटेंत खालीं उतरण्याची मुभा नाहीं. मुलांची दृष्टि वाघाकडे लागलेली असते. परंतु वाघ डोळ्यांआधीं कानांनीं शोधावा लागतो. काळतोंडीं वानरें झाडावर बसून पाला व फळें खालीं पाडतात, तीं चितळांच्या उपयोगीं पडतात. वाघ किंवा बिबळ्या दृष्टीस पडतांच वानरें खाकरल्यासारखा तुटक आवाज काढतात, चितळ तीव्र स्वरांत ओरडतें आणि सांबराचा खोल ‘ढांक्’ असा आवाज रानांत घुमतो. गाडींत बडबड चालली असेल, तर यांतील कांहींच ऐकूं येत नाहीं. मुलांना गप्प बसविण्याचें कारण शिस्त हें नव्हे. तें एक भाषा ऐकण्याचें साधन आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट तंबूपाशींच असते. खाद्यपदार्थ तंबूंत न ठेवतां मोटारींत बंद करावे. वानरांना केळें देऊं नये. उष्टें, खरकटें व कागद पिशवींत भरून परत न्यावे. शेकोटीस परवानगी असली, तर उठतांना ती पाण्यानें पुरती विझवावी. उन्हाळ्यांत वाळलेल्या पाल्यास एक ठिणगीही पुरे होते.

या नियमांमागें एक साखळी आहे. खरकट्यावर भटकीं कुत्रीं व डुकरें जमतात. कुत्र्यांच्या मागावर बिबळ्या येतो. आणि एकदां वस्तीजवळ भक्ष्य मिळालें, कीं तो पुन्हां पुन्हां तेथें फिरकतो. पाहुणे सोमवारीं नागपुरास परततात, बिबळ्या मात्र गांवाच्या वाट्यास राहतो.

त्या गांवांचें जिणें आधींच सोपें नाहीं. चैत्राच्या सुमारास पहांटे मोहाचीं फुलें वेंचावयास आणि पुढें तेंदूचीं पानें तोडावयास बायामाणसांना रानांत जावें लागतें. २०२५ सालच्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही भागांत तेंदूपानें गोळा करणाऱ्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यांत प्राणांस मुकल्या. हा दोष पाहुण्यांचा नव्हे. परंतु ज्यांच्या डोक्यावर नित्य अशी टांगती तलवार आहे, त्यांच्या संकटांत आपल्या निष्काळजीपणाची भर घालणें हें कोणत्याही सुजाण गृहस्थास शोभणारें नाहीं.

वाघ दिसणें हें दैवाधीन आहे. कित्येकांना दोन दिवस हिंडूनही तो दिसत नाहीं. परंतु तंबू उचलल्यावर त्या जागीं दबलेल्या गवताखेरीज कांहीं मागें उरूं न देणें, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. तें साधलें, तर सहल सफल झाली असें समजावें.