पी-के, एम-झेड आणि विस्मरणातला राइस

व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ अशा नावाची फाइल येते, कुणी हौसेने तर कुणी धास्तीने ती उघडतं आणि थोड्या वेळाने बँकेच्या खात्यातून पैसे जाऊ लागतात. अशा बातम्या वाचून एका वाचकांनी विचारलं आहे, की अनोळखी फाइल उघडण्याआधीच तपासून ती निर्धोक आहे की नाही, हे ठरवता येत नाही का?

काही अंशी येतं. किती अंशी, याचं उत्तर गणिताने फार पूर्वीच देऊन ठेवलंय.

पहिली गोष्ट म्हणजे फाइलच्या नावावर आणि चित्रावर जाऊ नये. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ने जगभरातल्या कचेऱ्या ठप्प केल्या. प्रेमपत्राच्या त्या फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसत होतं, पण खरं शेपूट ‘व्हीबीएस’चं, म्हणजे प्रोग्रॅमचं होतं आणि विंडोज ते लपवत असे. आपण सेटिंग बदललं नाही, तर आजही लपवतं.

त्यापेक्षा फाइलचे पहिले दोन बाइट जास्त बोलके. विंडोजच्या प्रोग्रॅमची, म्हणजे ईएक्सई, कुठलीही फाइल कच्च्या स्वरूपात उघडा, सुरुवातीला ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरं दिसतील. ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं! डॉसच्या जमान्यात त्यांनी या फाइलींचा साचा आखला, आणि तेव्हापासून प्रत्येक ईएक्सई, सभ्य असो की दरोडेखोर, त्यांचं नाव मिरवत फिरते आहे. अँड्रॉइडची एपीके फाइल म्हणजे मुळात झिपचं गाठोडं. तिच्या आरंभी ‘पी’ आणि ‘के’ असतात. हा मिलवॉकीचा फिल कॅट्झ. त्याने १९८९ मध्ये झिप जगाला दिलं आणि २००० साली, अवघ्या ३७व्या वर्षी तो गेला. वर्डच्या आजच्या फाइलीसुद्धा ‘पी-के’नेच सुरू होतात, त्यामुळे ही दोन अक्षरं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पण पीडीएफ म्हणून आलेली पत्रिका ‘पी-के’ने सुरू होत असेल, तर ती पीडीएफ नाही एवढं नक्की.

आता आतला ऐवज. अँटिव्हायरसची जुनी पद्धत म्हणजे ज्ञात व्हायरसांच्या खुणा फाइलमध्ये शोधणं. पुण्यात कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले संगणक येऊ लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारा प्रोग्रॅम लिहिला. ‘क्विक हील’ जन्मलं ते असं. आज ‘व्हायरसटोटल’वर फाइल टाकली, की साठ-सत्तर अँटिव्हायरस एकदम तिची झडती घेतात. (फाइलमध्ये खासगी मजकूर असेल तर ती तिथे टाकू नका, या सेवेचे पैसे भरणारे ग्राहक ती उतरवून घेऊ शकतात.) पण तिथे एकानेही बोट दाखवलं नाही, याचा अर्थ एवढाच, की अजून कुणी तिला ओळखत नाही.

मग खुणा न शोधता फाइलचं वागणंच तपासणारा, कधीही न चुकणारा परीक्षक बनवता येईल का? १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम चालवून दाखवला. त्याला ‘व्हायरस’ म्हणावं, हे सुचवलं त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी. आरएसए कूटलेखनातला ‘ए’ तो त्यांचाच. पुढच्या वर्षी कोहेनने एक खोडकर युक्तिवाद मांडला. समजा, असा परीक्षक आहे. मग मी एक प्रोग्रॅम लिहितो, जो सुरू होताच त्या परीक्षकाला स्वतःविषयीच विचारतो. उत्तर ‘व्हायरस’ आलं, तर तो गप्प बसतो. उत्तर ‘निर्धोक’ आलं, तर पसरत सुटतो. परीक्षकाने काहीही सांगितलं तरी तो खोटाच ठरतो!

या युक्तिवादाचं मूळ ॲलन ट्युरिंगच्या १९३६च्या निबंधात आहे, हे सगळे सांगतात. मधला दुवा मात्र कुणी सांगत नाही, तो म्हणजे हेन्री गॉर्डन राइस. या अमेरिकी गणितज्ञाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेलं प्रमेय कोहेनच्या निष्कर्षापेक्षा कितीतरी व्यापक आहे. प्रोग्रॅम काय करतो याविषयीचा कोणताही प्रश्न घ्या. अट एवढीच, की काही प्रोग्रॅमांसाठी त्याचं उत्तर ‘हो’ आणि काहींसाठी ‘नाही’ यावं. सगळ्याच प्रोग्रॅमांबाबत त्याचं अचूक उत्तर देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. ट्युरिंगवर सिनेमा निघाला, त्याचा चेहरा ५० पौंडांच्या नोटेवर आला. राइसच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली एक चौकट आली.

‘कृत्रिम बुद्धिमत्तेने शंभर टक्के सुरक्षा’ अशी जाहिरात दिसली, की मला हाच राइस आठवतो. कृत्रिम बुद्धिमत्ता हाही प्रोग्रॅमच, तेव्हा तिला यातून सूट नाही. ती चुका कमी करील, आणि ते थोडंथोडकं नव्हे. पण ‘शंभर’ हा आकडा जाहिरात विभागाचा असतो.

म्हणून व्यवहारात प्रश्नच बदलतात: फाइल कुणी पाठवली, आणि वाटेत कुणी तिला हात लावला का? दुसऱ्या प्रश्नासाठी हॅश असतो. एसएचए-२५६ हा कितीही मोठ्या फाइलचा ६४ चिन्हांचा ठसा काढतो. आतला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. पहिल्यासाठी निर्मात्याची डिजिटल सही. ही पार्सलवरच्या लाखेच्या मोहोरेसारखी. मोहोर शाबूत असली तरी धाडणाऱ्याने आत काय भरलंय, ते तिला ठाऊक नसतं.

२०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या संगणक साफ करणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रॅमबाबत नेमकं हेच घडलं. हल्लेखोर थेट निर्मात्याच्याच यंत्रणेत शिरले. अधिकृत संकेतस्थळ, खरी सही, जुळणारा हॅश, सगळं चोख, आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोचली. सुरू झाल्यावर आतला घातक भाग दहा मिनिटं काहीच करत नसे, कारण तपासनीसांना सहसा तेवढा धीर नसतो. कोहेनच्या खोडकर प्रोग्रॅमचा हा व्यवहारातला भाऊबंद. नंतर तो संगणकाचं नाव आणि त्यावरच्या प्रोग्रॅमांची यादी गुपचूप धन्याकडे धाडायचा. त्या यादीतून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे जेमतेम चाळीसएक संगणक निवडून खरा हल्ला तेवढ्यांवरच झाला. बाकीच्या लाखोंचा सीक्लीनर नेहमीसारखाच कचरा काढत राहिला.