कातडीच्या पेशीपासून मेंदूची पेशी: विज्ञान खरं, पण पैसे भरण्याआधी विचारा

घरात पार्किन्सन, ऑटिझम किंवा लकव्याचा पेशंट असला की कोणीतरी सांगतंच, "स्टेम सेलची इंजेक्शनं घ्या, फरक पडेल." मग दागिने गहाण पडतात. म्हणून हे प्रकरण आपण नीट समजून घेऊ या.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. तिच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात. आपल्या परळमध्येच, आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, मानवी भ्रूणापासून अशा पेशींचे 'किंड-१' आणि 'किंड-२' हे दोन वाण तयार झाले. पण भ्रूण म्हटलं की जायज-नाजायजचा सवाल येतो. जपानच्या शिन्या यामानाका यांनी दुसरा रस्ता दाखवला. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांनी त्या पुन्हा मूळ पेशींसारख्या केल्या. भ्रूणाची गरजच उरली नाही. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता या पेशीचा न्यूरॉन, म्हणजे मेंदूची पेशी कशी होते? तिला इतर अवयवांकडे वळवणारे रासायनिक संदेश औषधांनी रोखतात आणि मज्जापेशी वाढवणारी द्रव्यं देतात. काही आठवड्यांत तिला लांब धागे फुटतात. पण नुसतं दिसणं पुरत नाही. ती विजेचे संदेश सोडते का, हे बारीक इलेक्ट्रोडने तपासतात. सोडले, तरच ती कामाची.

जपानमधल्या क्योटोत २०१८ पासून अशा पेशी पार्किन्सनच्या ७ पेशंटांच्या मेंदूत घातल्या गेल्या. २०२५ मध्ये निकाल छापून आला: गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, काहींच्या हालचाली सुधारल्या. उमेद आहे, पण पेशंट फक्त सात.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. म्हणून तीन सवाल विचारा. चाचणीची सरकारी नोंदणी, म्हणजे सीटीआरआय नंबर आहे का? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? आणि पैसे का मागता? चाचणीतल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेता येत नाहीत.

अल्लाहने आजाराबरोबर इलाजही ठेवलाय, यावर आपला यकीन आहे. तो शोधायचा, पण तहकीक करून. घरची जमापुंजी आणि पेशंट, दोन्ही आपल्याकडे अमानत आहेत.