पोटातच बाळ का दगावतं? ग्रहण नाही, मशेरी आणि रक्तदाबाबद्दल विचारा

सगळं नीट चाललेलं असताना आठव्या-नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, की रत्नागिरीच्या गावांत पहिली उलटतपासणी आईची होते. ग्रहणात बाहेर पडली होती का? पपई खाल्ली का? ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. पिकलेल्या पपईने बाळ दगावतं, यालाही पुरावा नाही. मात्र या चौकशीत खरी कारणं मागे पडतात. त्यातली बरीचशी वेळेवर तपासणी केली तर आधी कळू शकतात.

गर्भधारणेचे २८ आठवडे झाल्यानंतर बाळ मृतावस्थेत जन्मलं, तर त्याला मृतजन्म म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२०च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे २० लाख मृतजन्म होतात, म्हणजे दर १६ सेकंदांना एक. २०१९मध्ये यातले सुमारे ३ लाख ४० हजार भारतातले होते. इतर कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा होता.

बिघाड बहुतेकदा वारेत

बाळाला प्राणवायू आणि पोषण वारेतून मिळतं. वार नीट काम करत नसेल तर बाळाची वाढ खुंटते. आईचा रक्तदाब वाढला तर वारेचा रक्तपुरवठा कमी होतो. कधी वार बाळंतपणाआधीच गर्भाशयापासून सुटते आणि काही मिनिटांत बाळाच्या जिवावर बेततं. सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज येणं ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. 'दिवस गेलेत, सूज येणारच' म्हणून ती अंगावर काढली जातात. पण कित्येकींना रक्तदाब वाढूनही काहीच जाणवत नाही, म्हणूनच दर भेटीत तो मोजायचा असतो.

नियंत्रणात नसलेला मधुमेह, तीव्र रक्तक्षय, सिफिलिस आणि मलेरियासारखे संसर्ग, बाळातले जन्मजात दोष हीदेखील कारणं आहेत. कोकणात आणखी एका आजाराकडे लक्ष हवं, तो म्हणजे लेप्टो. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्या गरोदर बाईला ताप आला, तर घरगुती काढ्यावर थांबू नये. जुळी बाळं, आईचं वय ३५च्या पुढे असणं, लठ्ठपणा, आधी झालेला मृतजन्म यांनीही धोका वाढतो.

मशेरीचं काय?

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, म्हणजे मशेरी. दात घासायला म्हणून सुरुवात होते, मग दिवसातून चार-चार वेळा ती तोंडात जाते. बाई सिगारेट ओढत नाही, म्हणून तिला तंबाखूचं व्यसन आहे असं घरात कुणाला वाटतच नाही. दवाखान्यातही तसं नेमकं विचारलं जाईलच असं नाही.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर महिलांचा एक अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा इतर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या महिलांमध्ये मृतजन्माचं प्रमाण ८.९ टक्के होतं, तर न वापरणाऱ्यांमध्ये ३.१ टक्के. वापर जितका जास्त, तितका धोका जास्त, असंही त्यात दिसलं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. गरोदरपणात केव्हाही मशेरी सोडली तरी फायदा होतो.

कळा सुरू झाल्यावर

जगातले ४० टक्क्यांहून अधिक मृतजन्म कळा सुरू झाल्यानंतर होतात. म्हणजे बाळंतपण सुरू होईपर्यंत ही बाळं जिवंत असतात. अडलेलं बाळंतपण, नाळेवर आलेला दाब, वेळेत न झालेलं सिझेरियन ही यामागची कारणं.

इथे रत्नागिरीचा भूगोल आड येतो. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला खाड्या आणि मध्ये विखुरलेल्या वाड्या. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की आरोग्य केंद्र गाठणंच कठीण होतं. शिवाय सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ आणि रक्त लागतं, ते प्रत्येक ठिकाणी नसतं. म्हणून जोखमीच्या बाळंतपणात कुठे जायचं, गाडी कुणाची, रक्तगट कोणता, हे नवव्या महिन्याआधीच ठरवलेलं बरं. १०२ आणि १०८ या रुग्णवाहिका मोफत आहेत.

हालचाल मंदावली तर

दिवस भरत आले की बाळ कमी हलतं, हा समज चुकीचा आहे. हालचालीची पद्धत बदलू शकते, पण ती मंदावू नये. नेहमीपेक्षा कमी जाणवली तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जाऊन बाळाचे ठोके तपासून घ्यावेत. पाणी सुटलं किंवा रक्त गेलं तरीही तेच. २८ आठवड्यांनंतर उताणं न झोपता कुशीवर झोपावं, असा सल्ला डॉक्टर देतात.

इतकं करूनही काही मृतजन्मांचं कारण सापडत नाही. वार आणि बाळ यांची तपासणी केली तर शक्यता वाढते, पण त्या दुःखात कुटुंबाला हे विचारायला अनेकदा कुणी धजावत नाही. कायद्याने मृतजन्माचीही नोंद २१ दिवसांत करावी लागते. पुढच्या वेळी दिवस राहिले, तर आशाताईंना पहिल्याच भेटीत आधीचं सांगावं, म्हणजे कार्डावर 'अतिजोखमीची माता' अशी नोंद होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टरांकडून तपासून घेता येतं.