परागकण, तणनाशक आणि मोनार्क फुलपाखरू

जनुकीय बदल केलेल्या मक्याचे परागकण फुलपाखरांना घातक ठरतात काय, या प्रश्नाने १९९९ साली अमेरिकेत मोठे वादळ उठले. त्यानंतरच्या संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर तर दिलेच. शिवाय खरा धोका कोठे आहे, याकडेही लक्ष वेधले.

नारिंगी-काळ्या पंखांचे मोनार्क हे फुलपाखरू हिवाळ्यात हजारो किलोमीटरचा प्रवास करून मध्य मेक्सिकोतील डोंगराळ अरण्यात मुक्काम करते. रुईच्या कुळातील 'मिल्कवीड' ही वनस्पती हेच त्याच्या सुरवंटांचे एकमेव अन्न होय. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात ती शेतात आणि बांधावर तण म्हणून उगवते.

बीटी मक्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे तयार होणारे प्रथिन खोड पोखरणाऱ्या अळीच्या आतड्याला इजा करते. ही अळी पतंगवर्गीय कीटकाची असून फुलपाखरेही त्याच गणात मोडतात. शंकेचे मूळ येथेच होते.

कॉर्नेल विद्यापीठातील जॉन लोसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटी मक्याचे परागकण मिल्कवीडच्या पानांवर पसरून ती पाने सुरवंटांना खाऊ घातली. चार दिवसांत ४४ टक्के सुरवंट मेले. साध्या मक्याचे परागकण खाल्लेला एकही मेला नाही. 'नेचर' नियतकालिकातील या निष्कर्षाने खळबळ माजली. मात्र प्रयोग प्रयोगशाळेतील होता आणि परागकणांची मात्रा मोजलेली नव्हती.

२००१ मध्ये शेतातील पाहणीवर आधारित अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. मक्याचे परागकण जड असल्याने बहुतांश शेतात किंवा जवळच पडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि प्रचलित वाणांच्या परागकणांत विषारी प्रथिन अत्यल्प असते, असे आढळले. अपवाद होता 'इव्हेंट १७६' या प्रकाराचा. त्याचे परागकण पानाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १० इतक्या कमी प्रमाणातही अपायकारक ठरले. तो पुढे बाजारातून गेला. २००४ च्या अभ्यासात, परागकणांच्या दीर्घ संपर्कात आलेल्या सुरवंटांपैकी प्रौढावस्था गाठणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटले. तथापि असा संपर्क थोड्याच सुरवंटांना येत असल्याने एकूण अतिरिक्त मृत्यू ०.६ टक्के इतकेच असल्याचा अंदाज निघाला.

तरीही मोनार्कची संख्या घटतच गेली. मेक्सिकोत १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांहून अधिक वनक्षेत्र या फुलपाखरांनी व्यापले होते. २०१३-१४ मध्ये ते अवघे ०.६७ हेक्टर उरले.

या घसरणीच्या प्रमुख कारणांत जनुकीय बदलाच्याच दुसऱ्या प्रकाराची गणना होते. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे मका व सोयाबीन आल्यावर उभ्या पिकात फवारणी शक्य झाली. पीक वाचले, मिल्कवीड मेले. जॉन प्लेझंट्स आणि कॅरेन ओबरहाउझर यांच्या अंदाजानुसार १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटले. जंगलतोड, हवामान व कीटकनाशके हीही कारणे सांगितली जातात. प्रत्येकाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

परागकण विषारी आहेत काय, एवढीच तपासणी म्हणूनच अपुरी ठरते. नव्या पिकाबरोबर शेतीची पद्धत कशी बदलते आणि बांधावरचे काय नाहीसे होते, हेही पाहावे लागते. सुरवंटाला विष न देताही त्याचे अन्न हिरावले जाऊ शकते.