उन्हाचा खरखरीत डाग वेळीच ओळखा

मराठवाड्यात ऊन म्हटले की उष्माघात आठवतो, घामोळे आठवते, फार तर काळवंडलेले हात. उन्हामुळे कातडीचा कर्करोग होऊ शकतो असे सांगितले तर गेवराईचा किंवा धारूरचा माणूस हसेल. त्याचे हसणे अगदीच चूक नाही. आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरणे बऱ्याच अंशी अडवते. म्हणून ऑस्ट्रेलियातील गोऱ्या लोकांत सर्रास दिसणारा आजार आपल्याकडे क्वचित दिसतो. अडचण अशी की क्वचित दिसणारी गोष्ट लवकर ओळखली जात नाही, आणि ज्या थोड्या लोकांना खरा धोका आहे ते बिनधास्त उन्हात फिरत राहतात.

कर्करोगाच्या आधीच्या या पायरीला डॉक्टर ‘ॲक्टिनिक केराटोसिस’ म्हणतात. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या कपाळावर, नाकावर, कानाच्या पाळीवर, टकलावर किंवा हाताच्या मागच्या बाजूला डाळीच्या दाण्याएवढा खरखरीत चट्टा उठतो. त्यावर कोरडा पापुद्रा धरतो. तो खरवडला की निघतो आणि काही दिवसांत पुन्हा येतो. दुखत नाही, फार तर चुरचुरतो. बहुतेक चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहीत, काही आपोआप विरतात. पण कोणता विरेल आणि कोणता आत मुळे धरेल, हे आधी सांगता येत नाही.

हा डाग डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. बारीक सँडपेपरवरून बोट फिरवल्यासारखे लागते. आपण वुजू करताना जे अवयव धुतो, म्हणजे चेहरा आणि कोपरापर्यंत हात, आणि मसह करताना ज्या कानांवरून बोटे फिरवतो, तेच नेमके सर्वांत जास्त ऊन खाणारे अवयव आहेत. बोटे तिथून रोज फिरतातच. ती काय सांगतात तिकडे थोडे लक्ष दिले म्हणजे झाले. महिनाभर एकाच जागी खरखर लागत राहिली तर ती जागा डॉक्टरांना दाखवावी.

आता धोका कोणाला? सर्वांत आधी त्या मुलांना, ज्यांची कातडी जन्मतःच दुधासारखी पांढरी, केस पिवळसर आणि डोळे उन्हात मिटणारे असतात. काही घरांत त्यांना ‘सूरजमुखी’ म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत हा अल्बिनिझम. या मुलांच्या त्वचेत मेलॅनिन जवळजवळ नसतेच, त्यामुळे संरक्षण न मिळाल्यास तरुण वयातच चेहऱ्यावर असे चट्टे येऊ शकतात आणि पुढे कर्करोगही. आफ्रिकेतील टांझानियासारख्या देशांत अशा लोकांचे तरुणपणीचे मृत्यू मोठ्या प्रमाणात त्वचेच्या कर्करोगाने होतात. कोड मात्र वेगळा आजार आहे, त्याच्याशी याची गल्लत करू नये.

अल्बिनिझम आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच होतो. असे दोघे निरोगी वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. चुलत-मामे भावंडांच्या निकाहात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. असा निकाह जायज आहे, पण बंधनकारक नाही. खानदानात असे मूल असेल तर नाते ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा कसला? आणि मूल झालेच तर सुनेला बोल लावण्याआधी हे हिशेब सासूबाईंनीही समजून घ्यावेत. याच वाटेने येणारा आणखी एक दुर्मीळ आजार आहे, झेरोडर्मा पिगमेंटोसम. यात एक-दोन वर्षांचे बाळ थोड्या उन्हानेही भाजल्यासारखे लाल होते आणि चेहऱ्यावर काळ्या ठिपक्यांची गर्दी होते. अशा बाळाच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये.

दुसरा गट उघड्यावर राबणाऱ्यांचा: ऊसतोड मजूर, गवंडी, हातगाडीवाले, शेतकरी. यांच्यात लक्ष ठेवावे ते खालच्या ओठावर. वरचा ओठ नाकाच्या सावलीत असतो, खालच्यावर ऊन थेट पडते. तो सतत कोरडा, फिकट, भेगाळलेला राहू लागला, ओठ आणि कातडी यांमधली रेघ पुसट झाली, तर ते बिडी किंवा तंबाखूमुळेच आहे असे समजून सोडून देऊ नये. दोन्ही असतील तर धोका अधिक. ओठावरून सुरू होणारा कर्करोग कातडीवरच्या इतर कर्करोगांपेक्षा लवकर पसरतो.

भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली तरीही असाच संशय घ्यावा. आणि एक गोष्ट उन्हाशी संबंध नसूनही सांगण्यासारखी: धोतर किंवा परकराच्या घट्ट नाडीने कमरेवर वर्षानुवर्षे घासून झालेल्या जखमेत कर्करोग झाल्याच्या नोंदी महाराष्ट्रातून आहेत. सलवारीची नाडीही नाडीच.

तपासणी सोपी असते. त्वचारोगतज्ज्ञ बोटाने आणि भिंगाने पाहतात. चट्टा जाड, कडक, दुखरा असेल, रक्त येत असेल किंवा भराभर वाढत असेल तर सुन्न करून छोटा तुकडा तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो हा गैरसमज आहे. साधा चट्टा उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनने काही सेकंदांत गोठवतात. फोड येऊन तो गळून पडतो, मागे पांढरट खूण राहू शकते. चट्टे अनेक असतील तर फ्लुरोयुरॅसिल मलम दोन ते चार आठवडे लावायला देतात. त्यात कातडी लाल होते, सोलते, आग होते. म्हणजे औषध काम करत आहे, घाबरून मध्येच बंद करू नये. मेडिकलमधून आणलेली ‘गोरे करणारी’ स्टिरॉइड मलमे मात्र लाली तात्पुरती झाकतात आणि निदान लांबवतात.

जपायचे कसे? घड्याळ नव्हते तेव्हा आपले बुजुर्ग सावली मोजून जोहर आणि असरची वेळ ठरवत. तेच माप इथे चालते: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तोवर अतिनील किरणे तीव्र असतात. ही किरणे गरमीवर अवलंबून नसतात, म्हणून ऊसतोडीच्या हंगामातले थंडीचे ऊन बोचत नसले तरी त्यात ती असतातच. नमाजाच्या टोपीला काठ नसतो. ती कपाळ, कान, ओठ काहीच झाकत नाही. शेतात तिच्यावरून रुमाल किंवा रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या आणि बायकांनी डोक्यावरून नीट ओढलेली ओढणी, एवढे बहुतेकांना पुरते. सावळ्या माणसाने उन्हाची धास्ती घेण्याचे कारण नाही. घरात राहणाऱ्या आपल्या बायकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आधीच कमी नाही.

अल्बिनिझमच्या मुलांना मात्र सनस्क्रीन हवेच, एसपीएफ 30 किंवा अधिक, दर दोन तासांनी. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर गावात 1992 ते 1996 या काळात झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळला. कॅलामाइन म्हणजे सनस्क्रीन नव्हे. जाड थर पाणी अडवत असेल तर तो धुऊन वुजू करावा आणि नमाजानंतर पुन्हा लावावे. पाच वेळा लावणे आपोआपच होते. शाळेत अशा मुलाला खिडकीपासून दूर पण फळ्याजवळ बसवायला सांगावे, कारण त्याची नजरही अधू असते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा नजर कमी असल्यास 2016 च्या कायद्यानुसार दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते.

दाखवायला मुंबई गाठायची गरज नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाची तपासणी होते. कर्करोग निघालाच तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि आष्टी-पाटोद्याकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आरोग्यमित्राकडे करा. अल्बिनिझमचे मूल असेल तर चट्टा नसला तरी दर सहा महिन्यांनी दाखवा.