बालगृहातली काळजीवाहिका आणि मुलांचे मन
बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 53 ने बालगृहांतल्या सेवांमध्ये समुपदेशनासह मानसिक आरोग्याचाही समावेश केला. पण समुपदेशकाची भेट तासाभरात संपते. अंथरूण ओले करणारे, जेवण लपवून ठेवणारे, रात्री दचकून उठणारे मूल सांभाळते ती काळजीवाहिका. तिने पाहिलेले डॉक्टरांपर्यंत पोचले नाही, तर उपचार अर्ध्या माहितीवर ठरतात. तिला प्रशिक्षण नाही, शिवाय गोपनीयतेचे काय, असा आक्षेप येतो. गोपनीयता हवीच, मुलाने विश्वासाने सांगितलेले सगळे तिला कळण्याची गरज नाही. मात्र मूल कशाने बिथरते आणि तेव्हा काय करावे, एवढे तिला माहीत असलेच पाहिजे. निदान तिने करायचे नाही, निरीक्षण कळवायचे आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षांनी उपचारांच्या बैठकीला तिला आवर्जून बोलवावे.