मुंबई-गोवा महामार्ग : महाड-पोलादपूर विभाग

पनवेलहून पश्चिम किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ चा रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) दक्षिण भागातील टप्पा. २०१० मधील क्रमांकबदलापूर्वी हा महामार्ग क्र. १७ म्हणून ओळखला जात असे. लोणेरे ओलांडल्यावर तो वीर, दासगाव, गांधारपाले, महाड, राजेवाडी, पोलादपूर या क्रमाने जातो व कशेडी घाट चढून रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात उतरतो. खाडीचे खोरे आणि सह्याद्रीचा पायथा यांमधील अरुंद पट्ट्यातून गेलेला हा रस्ता महाड व पोलादपूर तालुक्यांतील डोंगरी गावांच्या दळणवळणाचा मुख्य आधार आहे.

पूर्वस्थिती : महाड हे सावित्री नदीकाठचे जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत. दासगाव हा त्याच जलमार्गावरील उतारा होता. घाटमाथ्याकडील माल बैलांच्या पाठीवरून वरंधा व अन्य घाटवाटांनी महाडच्या पेठेत उतरे आणि तेथून जलमार्गाने मुंबईस जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही हा मार्ग वापरात होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर त्याच वर्षी डिसेंबर १९२७ मध्ये भरलेल्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगावी उतरले आणि तेथून महाडला गेले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोटारवाहतूक वाढली, तसतसे बंदराचे महत्त्व ओसरून रस्त्याचे वाढले.

मार्ग व जोडरस्ते : महाडजवळ महामार्गाला लागूनच गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. महाडहून उत्तरेस पाचाडमार्गे रायगड किल्ल्याकडे आणि पूर्वेस बिरवाडी व वरंधा घाटावरून भोरकडे रस्ते फुटतात. शिवथर घळीकडे जाणारी वाट याच भोर रस्त्याच्या परिसरातून जाते. पोलादपूरहून आंबेनळी (फिट्झजेरल्ड) घाटाने प्रतापगड व महाबळेश्वर येथे जाता येते. तानाजी मालुसरे यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यातच आहे.

ज्या ठिकाणी गावाकडील रस्ता महामार्गाला मिळतो, त्यास ‘फाटा’ म्हणतात. एस.टी.चा थांबा, चहाची टपरी, एखादे किराणा दुकान व मिनिडोर रिक्षांचा तळ एवढेच बहुधा त्याचे स्वरूप असते. परंतु डोंगरातील वाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध येतो तो येथेच. शाळा-महाविद्यालयात जाणारी मुले, दवाखान्यात न्यावयाचे रुग्ण, औद्योगिक वसाहतीतील कामगार व बाजारास निघालेले शेतकरी फाट्यापर्यंत येतात आणि मग पुढे जातात. भात, नाचणी व वरी यांवरील शेती वर्षभर पुरत नसल्याने येथील अनेक कुटुंबांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत नोकरी करीत आली आहेत. गणेशोत्सव व शिमगा या सणांना हे चाकरमानी गावी परततात, तेव्हा महामार्गावर वाहनांची सर्वाधिक गर्दी असते. एखाद्या वाडीच्या दृष्टीने महामार्गाची उपयुक्तता त्याच्या रुंदीवर जितकी, तितकीच फाट्यापासून वाडीपर्यंतच्या रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून असते.

पाऊस, पूर व दरडी : या भागात वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सावित्री, काळ व गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या परिसरात एकत्र येते. अतिवृष्टी व समुद्राची भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा खुंटतो आणि शहर व रस्ते जलमय होतात. उतारावरील बेसाल्ट खडकावर मातीचा व झिजलेल्या खडकाचा थर असतो. संततधार पावसात तो पाण्याने जड होतो व त्याची खडकावरील पकड सैल पडते. उताराचा पायथा रस्त्यासाठी वा घरांसाठी तोडलेला असल्यास दरड कोसळण्याचा धोका वाढतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते व रोहण येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे दगावली; त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी येथेही दुर्घटना घडल्या. पूर व दरडींमुळे रस्ते बंद पडल्याने तळीये येथे मदतपथके पोहोचण्यास विलंब झाला.

सावित्री पूल दुर्घटना : महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान राजेवाडीजवळ सावित्री नदीवर १९२८ मध्ये बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. त्याच्या शेजारी नंतर दुसरा पूल बांधण्यात आला, तरी एका दिशेची वाहतूक जुन्या पुलावरूनच होत असे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराच्या लोंढ्यात जुना पूल कोसळला आणि अंधारात दोन एस.टी. बसगाड्या व एक जीप नदीत पडून सु. चाळीस माणसे मृत्युमुखी पडली. कमानीच्या पुलात शेजारशेजारच्या कमानींचे रेटे परस्परांना तोलून धरतात. एखादा खांब ढळला, की हा तोल जाऊन लगतच्या कमानीही कोसळू शकतात. पाण्याखालील पाया खचत असल्यास ते वरून सहज दिसत नाही. त्यामुळे अशा पुलांच्या पायांची पाण्याखालून तपासणी, पुराच्या पातळीची नोंद व वेळीच वाहतूक थांबविण्याची व्यवस्था यांचे महत्त्व या घटनेने अधोरेखित झाले. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला.

रुंदीकरण व लोहमार्ग : महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून आरंभ झाला. भूसंपादन, ठेकेदारांच्या अडचणी, वनक्षेत्रातील परवानग्या इ. कारणांनी काम दीर्घकाळ रेंगाळले. वळणावळणांच्या कशेडी घाटाला पर्याय म्हणून खोदलेल्या जोडबोगद्यातील पहिला बोगदा २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे घाट चढण्या-उतरण्याचा वेळ वाचतो आणि पावसाळ्यातील दरडींच्या जागा टळतात.

महाड शहरात रेल्वेस्थानक नाही. महामार्गालगतचे वीर हे त्यास जवळचे स्थानक होय. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला व संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. रोहा-वीर दुहेरीकरण २०२१ मध्ये पुरे झाले. तथापि रेल्वेने वीरला उतरलेल्या प्रवाशास महाड, बिरवाडी वा पोलादपूर गाठण्यासाठी महामार्गच धरावा लागतो. लोहमार्गाने लांबचा प्रवास सुकर केला. गावोगावच्या वाड्यांना जोडण्याचे काम मात्र महामार्ग व त्याचे फाटेच करतात.